कोपरापर्यंतचं पाणी

जरा अंग चोरून बसा. जमेल तितके लहान व्हा. अजून थोडे. आता तुम्ही करंगळीच्या नखाएवढे झालात. तुम्हाला जन्मून पाऊण तास झाला आहे, तुम्ही मासा आहात आणि तुमचे डोळे तुमच्या पोटापेक्षा मोठे आहेत.

तुमच्याभोवती हिरवं जंगल आहे. वरून ऊन येतं, ते पानापानांतून गाळलं जाऊन तुमच्या पाठीवर पडतं. तुम्हाला भूक लागली आहे. समोर पांढरे ठिपके उड्या मारत फिरतात, ते खायचे असतात हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही, तरी कळतं. तुम्ही एका ठिपक्यामागे खाली जाता. खाली मातीचं एक ढेकूळ आहे. ढेकळाची भीती कशाला वाटायची?

ढेकळाला डोळे आहेत. त्याच्या जबड्याखाली घडी करून ठेवलेला एक लांब हात आहे आणि हाताच्या टोकाला दोन आकडे. तो हात उघडतो, पुढे येतो, मिटतो. तुमची पापणी लवण्याच्या आत हे सगळं होऊन गेलेलं असतं. तुम्ही थोडे डावीकडे होतात म्हणून वाचलात. तुमचा भाऊ उजवीकडे होता. त्याचं डोकं आता ढेकळाच्या तोंडात आहे आणि शेपटी अजून हलते आहे.

झालं, पुन्हा मोठे व्हा, हातपाय मोकळे करा. हे जंगल म्हणजे दोन फूट लांब आणि दीड फूट उंच अशी काचेची पेटी होती. ती एका घरात खिडकीखालच्या दगडी कट्ट्यावर ठेवलेली होती. आणि ते घर असं होतं, की तिथे कशालाही मारणं हे रोजचं काम होतं.

त्या घरातले बाबा फवारणी करायचे. झुरळं, ढेकूण, वाळवी, गांधीलमाश्या, जे सहा पायांचं किंवा आठ पायांचं असेल ते बाबांचं. उंदीर आणि घुशी आईच्या. कामाची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झाली होती, कारण बाबांना उंदराची किळस यायची आणि आईला झुरळाची. दोघं एकाच छोट्या गाडीतून निघायचे. बाबांच्या पाठीवर पितळी नळीचा पंप असे, आईच्या हातात पिंजरे आणि चिकट पुठ्ठे. विषाला ते विष म्हणत नसत, औषध म्हणत.

संध्याकाळी जेवताना ते कामाचंच बोलत. आई सांगायची, आज पिठाच्या गोदामात पुठ्ठ्यावर सात सापडले, एक अजून जिवंत होता, स्वतःचा पाय कुरतडत होता. मग ती दोन बोटं जुळवून मानेजवळ कसं दाबायचं ते दाखवायची, म्हणजे त्याला फार वेळ तडफडावं लागत नाही. तिच्या अंगठ्यावर उंदराच्या दातांचा जुना व्रण होता. बाबा सांगायचे, पोळ्याला फवारा लागला की गांधीलमाश्या आधी एकमेकींनाच चावतात, मग पावसासारख्या खाली पडतात आणि खाली पडल्यावरही त्यांची नांगी हलत राहते, म्हणून बूट काढायचे नाहीत.

हे सगळं ऐकत त्यांची मुलगी जेवायची. वय दहा. ती बारीक होती आणि कानाशी गुणगुण लावायची, म्हणून तिला घरात चिलट म्हणत. फवारणीवाल्याच्या घरात लाडाचं नाव दुसरं काय असणार?

चिलट शाळेतून एक कागद घेऊन आली. विज्ञानाच्या बाईंनी वर्गात एक पेटी दाखवली होती. तिला पंप नव्हता, गाळणयंत्र नव्हतं आणि तिचं पाणी दोन वर्षांत कोणी बदललं नव्हतं.

"खोटं," आई म्हणाली. "वास मारेल."

"नाही मारत. ऐक ना. खाली मातीचा थर, दोन बोटं. त्यावर वाळू, म्हणजे माती उठत नाही. पहिल्याच दिवशी भरपूर झाडं लावायची, दोन-चार नाही, भरपूर. मासे घाण करतात, ती घाण मातीतले जंतू फोडतात, झाडं ती खातात आणि पाण्यात हवा सोडतात. ती हवा मासे घेतात. गोगलगायी सडकी पानं खातात. कोणी कोणाची धुणीभांडी करायची नाहीत, सगळं आपोआप."

"आणि तू काय करायचंस?"

"काहीच नाही. बाई म्हणाल्या, तेच सगळ्यात अवघड असतं."

बाबा हसले. त्यांना असं काही ऐकायची सवय नव्हती. ते ज्या घरात जात, तिथे लोकांना सगळं आजच्या आज हवं असे.

कट्ट्यावर आईचे पिंजरे ठेवलेले असत. ती जागा द्यायला ती कुरकुरत तयार झाली, पण अट घातली. "उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. त्याआधी वास आला किंवा त्यात एक जरी डासाची अळी दिसली, तर पेटी भंगारात. फवारणीवाल्याच्या घरात डास जन्माला आले तर उद्या आपल्याला कोण बोलावेल?"

"अळ्या मासे खातील."

"आणि आत काही मरायला लागलं तर तुझे बाबा एक थेंब टाकतील आणि मोकळे होतील."

"नाही," चिलट म्हणाली. "तिथे आपण कोणी काही मारायचं नाही. एवढी एकच जागा."

तिने हे कागदावर लिहिलं आणि पेटीच्या काचेला चिकटवलं: 'इथे आपण मारायचं नाही. या खोलीत पंप आणायचा नाही.' आईने ते वाचून बाबांकडे पाहिलं. बाबांनी त्या दिवसापासून पंप, हातमोजे आणि बूट बाहेरच्या बोळातल्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. कपाटाला कुलूप होतंच.

एका दुकानाच्या शोकेसच्या जुन्या काचांमधून बाबांनी पेटी जोडून आणली. चिलटने कट्टा तीन वेळा घासला. बागेतली साधी माती चाळली, तिच्यातले खडे आणि काड्या काढल्या, दोन बोटं थर दिला, वर धुतलेली वाळू पसरली. पाणी ओतताना वाळूवर बशी ठेवली आणि बशीवर हळूहळू धार सोडली, म्हणजे खालची माती ढवळत नाही. तुम्ही कधी पेटी लावलीत तर बशी विसरू नका. घाईने ओतलंत तर चहा होतो.

झाडं गावाबाहेरच्या जुन्या खाणीतल्या तळ्यातून आली. तिथे हायड्रिला नावाचं पाणगवत माजलेलं होतं. बाईंनी सांगितलं होतं, तळ्यातलं झाड आणलं की निदान आठवडाभर बादलीत ठेवायचं, रोज हलवून बघायचं, मगच पेटीत घालायचं. चिलटने दोन मोठे पेंढे आणले. एक बादलीत बुडवून गॅलरीत ठेवला. दुसरा हातात घेऊन ती उभी होती तेव्हा बाबा आले.

"आठवडा कशाला?" ते म्हणाले. "दाखव इकडे."

घर वाचणं, असं बाबा म्हणायचे. कुठल्याही घरात गेले की पंपाला हात लावण्याआधी ते विजेरी घेऊन भिंतीच्या कडा, दारांच्या बिजागऱ्या, गाद्यांच्या शिवणी वाचत. वीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांनी तो पेंढा वर्तमानपत्रावर पसरला, विजेरी तिरकी धरली, पान न् पान उलटून पाहिलं.

"साफ आहे. मुंगीसुद्धा नाही. दोन-तीन मातीची ढेकळं आहेत, बस."

"धुऊ का?"

"माती तर तुला हवीच आहे ना?"

बाबांना भिंतीतलं सगळं कळत होतं. पाण्यातलं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. पण वीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने साफ म्हटलं, की दहा वर्षांच्या मुलीला ते साफच दिसतं. पेंढा पेटीत गेला. त्याबरोबर एक ढेकूळही गेलं.

पहिले सहा आठवडे छान गेले. पाणी आधी गढूळ झालं, मग काचेवर हिरवट शेवाळ चढलं, आईने नाक मुरडलं, चिलटने हात लावला नाही. मग झाडांनी जोर धरला, शेवाळ हटलं आणि एके सकाळी पाणी इतकं स्वच्छ झालं की पेटी रिकामी आहे असं वाटलं. पाचव्या आठवड्यात पाच गप्पी मासे आले. डासांच्या अळ्या दिसताच संपत. आई जाता-येता वाकून वास घ्यायची आणि काही न बोलता निघून जायची. सुट्टीला पंधरा दिवस उरले होते.

मग एका मादीने पिल्लं दिली. चिलटने काचेला नाक लावून मोजली. एकोणीस.

दुसऱ्या सकाळी सोळा होती. तिसऱ्या सकाळी अकरा.

"मोठे मासे खातात आपली पिल्लं," बाबा म्हणाले. "ऐकलंय मी."

"झाडीत लपली असतील," आई म्हणाली. तिलाही ते मोजणं आवडायला लागलं होतं, पण तिने ते कबूल केलं नसतं.

चौथ्या दिवशी चिलटने पाहिलं. शाळेतून येऊन ती पेटीसमोर बसली होती. पाचांत नर एकच होता, निळ्या शेपटीचा, तिचा आवडता. तो हायड्रिलाच्या एका काडीपाशी थांबून शेपूट फुलवत होता. काडीवर बोटाच्या दोन पेरांएवढं मळकट काहीतरी बसलेलं होतं. ते तिथे महिनाभर होतं, हे तिला आता आठवलं. आधी ते बारीक होतं.

हात उघडला. आकडे नराच्या पोटात घुसले.

चिलटने काचेवर मुठी मारल्या. पाणी थरथरलं, ढेकूळ हललं नाही. सहा पायांनी त्याने काडी घट्ट धरली होती आणि माशाला ते तोंडाकडे ओढत होतं. मासा स्वतःभोवती फिरत होता, निळी शेपटी उघडत आणि मिटत होती. ढेकळाने आधी गळा खाल्ला. मासा अर्धा उरला तेव्हाही त्याचा कल्ला उघडमीट करत होता. हे सगळं वीस मिनिटं चाललं आणि चिलट तिथून उठली नाही. शेवटी शेपटी पाण्यात सुटून तरंगत वर आली. तिचा निळा रंग तसाच होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी ऐकलं आणि लगेच ओळखलं. "चतुराचं पिल्लू. पावसानंतर उडतात ना ते चतुर, लांब शेपटीचे, पारदर्शक पंखांचे? ते पंख फुटण्याआधी एक-दोन वर्षं पाण्यात असेच राहतात. तो वाईट नाही गं, तो भुकेला आहे. पण तुझी पेटी त्याला पुरणार नाही. काड्यांत हात घालून शोधू नकोस, मागून पाण्याची धार सोडून तो बाणासारखा पळतो. दोन दिवस थांब. तिन्हीसांजेला शिकारीसाठी तो उघड्या काडीवर येतो, तेव्हा खालून जाळी धर."

दोन दिवस. चिलटने घरी येऊन मोजलं. सहा पिल्लं उरली होती. दोन दिवसांनी काय मोजायचं?

त्या दिवशी बाबा एका जुन्या वसतिगृहाचं काम करून चार वाजता आले. ढेकणांचं काम होतं, तीन मजले. गाद्या उसवून, पलंग उलटे करून, प्रत्येक फटीत औषध मारलं होतं. ते थकलेले होते. आई मागून पिंजरे घेऊन आली.

"किती मेले?" चिलटने विचारलं. हा प्रश्न ती रोज विचारायची, पण आज तिचा आवाज निराळा होता.

"ढेकूण कोण मोजतं?" बाबा म्हणाले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

तिने दाखवलं. बाबा काचेपाशी वाकले. त्यांनी विजेरी आणली आणि तिरकी धरली.

"हे मी साफ म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो."

"सहा पाय आहेत. अहो, म्हणजे तुमच्याच खात्यातलं," आई मागून म्हणाली. "टाका एक थेंब आणि संपवा. पोरगी चार दिवस धड जेवलेली नाही."

"एका थेंबात सगळंच मरेल, आई. मासेपण."

"मग पेटी भंगारात. मेलं की वास येणारच, अट आठवते ना?"

"आई."

"मी काय वाकडं बोलले? तू म्हणालीस तिथे कोणी मारणार नाही. रोज दोन-चार मरताहेत."

"आपण मारायचं नाही, असं लिहिलंय. आपण."

बाबा उठले. "औषध नाही," ते म्हणाले. "हाताने काढतो. मी आत पाठवलं, मीच बाहेर काढतो. घुशीच्या बिळात हात घालते तुझी आई, मी एक किडा नाही धरू शकणार?"

"बाई म्हणाल्या, दोन दिवस थांब."

"दोन दिवसांत तुझी सहा पिल्लं राहतील?"

चिलटने त्यांच्या हातांकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "हात धुतले?"

"तीनदा. साबणाने."

हे खरं होतं. बाबा कामावरून आले की तीनदा हात धुतल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही शिवत नसत. वीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. बोटांच्या बेचक्या, नखं, तळवे, मनगटं. जेवायला बसणारा माणूस धुतो तिथपर्यंत.

पेटी दीड फूट खोल होती.

त्यांनी बाही दुमडली आणि हात आत घातला. पाणी मनगटावर आलं, मग वर चढत कोपराला लागलं. त्यांची बोटं काड्यांच्या मुळाशी गेली. ढेकूळ दिसलं, त्यांनी झडप घातली, ते बाणासारखं निसटलं. त्यांनी पुन्हा झडप घातली. वाळू उठली. "डावीकडे," आई म्हणाली, "डावीकडे, अहो, मुळाखाली." ती आता कट्ट्यावर दोन्ही हात टेकून उभी होती. "तिकडून हाकला, इकडे मी गाळणी धरते." पाच-सात मिनिटं असं चाललं. एकदा तर त्याने बाबांच्या बोटाला आकडे लावले आणि बाबा हसले.

चिलट हसली नाही. तिला आधी कळलं. पांढरे ठिपके, ते बारीक पाणकिडे जे सतत उड्या मारत फिरायचे, आता उड्या मारत नव्हते. ते धुळीसारखे खाली बसत होते.

"बाबा, हात काढा."

"थांब, आलंच—"

"हात काढा."

एक मादी पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट गेली आणि काचेवर आपटली. वळली, पुन्हा आपटली. मग ती एका कुशीवर झाली आणि चक्रासारखी फिरायला लागली. दुसरी पृष्ठभागावर तोंड काढून आ वासत होती. तिसरी वाकडी झाली, जणू कोणी तिला मधोमध दुमडलं होतं. पिल्लं तर नुसती थरथरत होती.

बाबांनी हात बाहेर काढला. कोपरापासून पाणी ठिबकत होतं. त्यांनी हात नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उतरला. हातमोजे कोपराच्या खाली संपतात. वरून, पलंगाच्या फळ्यांमधून, औषध त्यांच्या दंडावरून ओघळत आलं असणार. अंगावर ते सुकलं होतं. पाण्यात सुटलं.

"कोपर," ते म्हणाले. "कोपर नाही धुतलं."

चिलटने त्यांना मारलं. आधी मुठीने, पोटात. मग शेजारच्या ओट्यावरची पळी उचलली आणि त्या हातावर मारली, त्याच ओल्या हातावर, मनगटाच्या हाडावर, दंडावर. पळीचा आवाज खोलीभर होत होता. बाबांनी हात मागे घेतला नाही. तो त्यांनी अंगापासून लांब, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा धरून ठेवला होता. मनगटाशी कातडी फुटली आणि रक्त पाण्यात मिसळून फरशीवर पडलं.

"पुरे," आई म्हणाली.

चिलटने आणखी एकदा मारलं.

"पुरे गं. बाबांना मारून मासे उठणार आहेत का?" आईचा आवाज कामावरचा होता, पुठ्ठ्यावरच्या उंदराशी ती बोलायची तसा सपाट. "हे तडफडताहेत. मला दे, मी संपवते. दोन बोटांत होतं. त्यांना कळणारही नाही."

तिने खरंच हात पुढे केला. ती दुष्टपणा करत नव्हती, हे लक्षात घ्या. तडफडणाऱ्या जिवासाठी तिला जेवढं करता येत होतं, तेवढं ती करत होती.

चिलटचा हात पळीसकट वर थांबला. तिने पेटीकडे पाहिलं. एक मादी अजून सरळ होती, तोंड काढून आ वासत होती. पिल्लांतली काही अजून काडीला धरून होती. आणि झाडं जशी होती तशीच उभी होती, त्यांना काहीच झालं नव्हतं. हिरवी, दाट. अशीच झाडं, याच तळ्यातली...

"बादली," ती म्हणाली.

गॅलरीत दुसरा पेंढा होता. तोच, जो तिने बाईंच्या सांगण्याप्रमाणे बादलीत ठेवला होता आणि नंतर विसरली होती. दोन महिन्यांत बादली हिरवीगार झाली होती. पाणी मुरलेलं, शांत, त्यात पांढरे ठिपके उड्या मारत होते.

"बाबा, तुम्ही कशालाच हात लावू नका. आई, तू विजेरी धर."

तिने पळी नळाखाली विसळली, पुसली, पुन्हा विसळली. मग ती पळी पेटीत गेली. सरळ असलेली मादी आधी. बादलीत सोडल्यावर ती खाली बुडाली, तळाशी आडवी झाली, आणि तिचा कल्ला हलत राहिला. मग फिरणारी मादी, ती पळीतच थांबली आणि पुन्हा हलली नाही. वाकडी झालेली तशीच वाकडी राहिली, चौथी केव्हाच तळाला गेली होती. पिल्लं एकेक. आई काचेच्या मागून उजेड पाडत होती, "तिथे, त्या पानाखाली, नाही, गेलं ते, राहू दे, वर बघ, वर एक आहे." सहांपैकी तीन पिल्लं जिवंत बादलीत पोचली. चिलटचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"झालं," आई म्हणाली. "बाकी गेले."

वाळूवर ढेकूळ उताणं पडलं होतं. त्याचे सहा पाय हवा पकडत असल्यासारखे आखडत होते आणि सुटत होते. घडीचा हात अर्धा उघडून लटकत होता. जवळच त्याने अर्धवट सोडलेल्या एका पिल्लाची शेपटी होती. आईने बोळातून उंदराचा लांब चिमटा आणला.

"याचं मी बघते," ती म्हणाली. "याच्यामुळेच सगळं."

चिलट कागदाकडे बघत होती. पाणी उडून कागद भिजला होता, शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. आई वाट बघत उभी राहिली. बाबा भिंतीला टेकून खाली बसले होते, हात अजून लांब धरून.

चिलटने तिची शाळेची पाण्याची बाटली घेतली आणि रिकामी केली. बादलीतलं पाणी तिच्यात भरलं. हायड्रिलाची एक काडी तोडून त्यात उभी सोडली, कारण पंख फुटायच्या वेळी त्याला वर चढायला काहीतरी लागेल. मग तिने पळी ढेकळाखाली सरकवली, हळूच, त्याचे पाय अडकणार नाहीत अशी, आणि त्याला उचलून बाटलीत घातलं. बाटली तिने बादलीपासून चार हात लांब ठेवली.

आईने चिमटा खाली ठेवला.

मग चिलट बोळात गेली. तिने आईचे उंदरांचे जाड हातमोजे चढवले, ते तिच्या कोपरांच्याही वर आले. साबण घेतला, भांड्यांची घासणी घेतली. बाबांपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उठा. नळावर चला."

ते आले. तिने नळ पूर्ण सोडला, त्यांचा हात धरला आणि मनगटापासून घासायला सुरुवात केली. जखमेवरून घासणी गेली तेव्हा बाबांचे दात एकमेकांवर घट्ट बसले. फेस लाल झाला, मग पांढरा झाला. ती कोपरापर्यंत आली आणि कोपर तीनदा घासलं, आतून आणि बाहेरून.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"अजून वर," चिलट म्हणाली, आणि तिने त्यांची बाही खांद्यापर्यंत दुमडली.